व्हिडिओवर १० हजार व्ह्यूज दिसतायत, पण बघितला नक्की किती जणांनी?

समजा, कन्नडमधल्या एका पोराने पितळखोऱ्याच्या लेण्यांवर सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. गोष्ट काल्पनिक आहे आणि आकडेही समजावण्यापुरते घेतलेत. पण स्वतःचं चॅनल किंवा पेज चालवणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

पावसाळ्यातला धबधबा, दगडातले हत्ती, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, सगळं मोबाइलवर छान टिपलं. रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मित्र म्हणाला, "भाऊ, थोडे पैसे टाक, पळेल." मग यूट्यूबच्याच प्रमोशनमध्ये १,००० रुपये घातले.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता बघतो तर व्हिडिओखाली ४,८१२ व्ह्यूज. यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ४,३९०. आणि जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, जाहिरात २१,००० वेळा दिसली, व्ह्यूज ३,१५०.

व्हिडिओ एकच, कंपनीही एकच, मग आकडे तीन कसे? पोराला पहिली शंका आली की आपले पैसे कुणीतरी खाल्ले. त्यातच व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "५०० रुपयांत १० हजार व्ह्यूज, गॅरंटीसह." आता त्याला दुसरा प्रश्न पडला. आपण १,००० रुपये घालून ३ हजार आणले आणि हा ५०० रुपयांत १० हजार देतोय, म्हणजे मूर्ख कोण?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. 'व्ह्यू' या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

व्ह्यू म्हणजे नक्की काय?

आठवडी बाजारात कांदे घेऊन बसलेल्या माणसाला विचारा, "आज किती गिऱ्हाईक झालं?" समोरून गेलेली माणसं मोजली तर हजार. थांबून भाव विचारणारी मोजली तर शंभर. पिशवीत कांदे घालून नेणारी मोजली तर चाळीस. तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत.

ऑनलाइन व्हिडिओचं अगदी असंच आहे. व्हिडिओ किंवा त्याचा थंबनेल स्क्रीनवर दिसला की त्याला 'इंप्रेशन' म्हणतात. किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत किंवा अकाउंटपर्यंत पोहोचला, तो 'रीच'. आणि व्हिडिओ चालला की 'व्ह्यू'. पण किती सेकंद चालल्यावर? खरी गंमत इथेच आहे.

फेसबुकवर अनेक वर्षं ३ सेकंदांचा हिशेब चालला. बोटाने स्क्रोल करताना व्हिडिओ आपोआप सुरू झाला आणि तुम्ही ३ सेकंद रेंगाळलात, की एक व्ह्यू. जाहिरातीसाठी फेसबुकचंच 'थ्रूप्ले' नावाचं आणखी एक माप आहे. त्यात व्हिडिओ किमान १५ सेकंद चालावा लागतो, किंवा तो त्याहून छोटा असेल तर पूर्ण.

इन्स्टाग्रामवर रील सुरू झाली की व्ह्यू धरला जातो. तीच रील तुम्ही पुन्हा पाहिली तर तोही मोजला जातो. म्हणजे १० हजार व्ह्यूज म्हणजे १० हजार माणसं नव्हेत.

यूट्यूब शॉर्ट्सचा नियम ३१ मार्च २०२५ पासून बदलला. आता शॉर्ट सुरू झाली किंवा पुन्हा फिरली की लगेच व्ह्यू, किमान वेळेची अट नाही. जुन्या पद्धतीने मोजलेला आकडा बंद झाला नाही. तो 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने ॲनालिटिक्सच्या आत गेला. त्यामुळे त्या तारखेनंतर कित्येकांच्या शॉर्ट्सचे व्ह्यूज वाढलेले दिसले, पण कमाईचा हिशेब मात्र एंगेज्ड व्ह्यूजवरच राहिला. २०२४ ची शॉर्ट आणि २०२६ ची शॉर्ट यांचे व्ह्यूज शेजारी ठेवून "बघा, किती प्रगती झाली" म्हणणं म्हणूनच फसवं आहे. मधल्या काळात मोजपट्टीच बदलली आहे.

एकाच यूट्यूबवर तीन आकडे का?

आता आपल्या कन्नडच्या पोराच्या तीन आकड्यांकडे वळू.

पहिला आकडा व्हिडिओखालचा, सगळ्यांना दिसणारा. यात लोकांनी स्वतःहून पाहिलेले व्ह्यूज येतात आणि जाहिरातीतून आलेले, नियमात बसणारे व्ह्यूजही येतात. हा आकडा सतत तपासला जातो. एखादं मशीन व्हिडिओ वारंवार चालवत असेल किंवा कुणी पान सतत रीफ्रेश करत असेल, तर असे व्ह्यूज धरले जात नाहीत किंवा नंतर वजा होतात. म्हणून कधी आकडा काही वेळ अडकतो, तर कधी चक्क खाली येतो.

जुने यूट्यूबवाले '३०१' विसरले नसतील. कितीही गाजलेला नवा व्हिडिओ असला तरी काऊंटर ३०१ वर येऊन तासन् तास थांबायचा. तीनशेच्या आसपास आकडा गेला की पुढचे व्ह्यूज खरे आहेत का, याची तपासणी सुरू व्हायची आणि तोवर काऊंटर गोठायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये यूट्यूबने ही पद्धत बंद केली. काऊंटर थांबणं बंद झालं, तपासणी मात्र चालूच आहे.

दुसरा आकडा ॲनालिटिक्सचा. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, इथला सविस्तर रिपोर्ट साधारण दोन दिवस मागे असतो. 'रिअलटाइम' म्हणून जो आकडा दिसतो तो अंदाज असतो. दोन, इथला 'दिवस' आपला नाही. यूट्यूब ॲनालिटिक्स अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेने, म्हणजे पॅसिफिक टाइमने, दिवस मोजतं. तिथे मध्यरात्र होते तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. हिवाळ्यात तिथली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा दुपारचा दीड.

म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात यूट्यूबचा रविवार आपल्या सोमवारी दुपारी साडेबाराला संपतो. आपल्या पोराने मंगळवारी सकाळी नऊला रिपोर्ट उघडला, तेव्हा यूट्यूबच्या घड्याळात सोमवारची रात्र होती. तो दिवस संपलाही नव्हता, मग त्याचा हिशेब पूर्ण कुठून होणार? ४,८१२ आणि ४,३९० यांत जो फरक दिसतो, तो बहुतेक वेळा असल्या उशिराचाच असतो. दोन-तीन दिवस थांबून बघितलं की दोन्ही आकडे जवळ येतात.

तिसरा आकडा जाहिरातीच्या रिपोर्टचा. हा गूगल ॲड्सच्या नियमांनी चालतो. दुसऱ्या व्हिडिओच्या आधी लागणारी, 'स्किप' करता येणारी जाहिरात असेल तर व्ह्यू केव्हा? बघणाऱ्याने ३० सेकंद पाहिली तर. जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली तर. किंवा त्याने तिच्यावर क्लिक केलं तर. पाचव्या सेकंदाला स्किप केलं तर इंप्रेशन धरलं जाईल, व्ह्यू नाही. याउलट यादीत दिसणाऱ्या जाहिरातीत थंबनेलवर क्लिक होऊन व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू. इथे ३० सेकंदांची अट नाही. म्हणजे एकाच जाहिरात मोहिमेतले दोन व्ह्यूजसुद्धा सारखे नसतात.

त्यात आणखी एक. गूगल ॲड्सचा रिपोर्ट त्या खात्याला जो टाइमझोन लावला असेल त्याप्रमाणे चालतो. खातं भारतीय वेळेवर असेल तर तिथला रविवार रात्री बारालाच संपतो. म्हणून दोन्हीकडे "रविवारचे व्ह्यूज" काढून जुळवायला बसलात तर ते कधीच जुळणार नाहीत. जुळवायचंच असेल तर मोहीम संपल्यावर चार दिवस थांबा आणि पूर्ण काळाची बेरीज घ्या.

१,००० रुपये गेले कुठे?

आता पैशांचा हिशेब करू. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. १,००० रुपयांत कर धरलेला असेल तर प्रत्यक्ष जाहिरातीला मिळतात साधारण ८४७ रुपये. ३,१५० व्ह्यूजने भागलं तर एका व्ह्यूला पडले जवळपास २७ पैसे.

स्वस्त वाटलं? थांबा. या ३,१५० पैकी किती जण तिसऱ्या मिनिटापर्यंत टिकले, किती जणांनी चॅनल सबस्क्राइब केलं, किती जणांनी "पितळखोऱ्याला जायला रस्ता कसा आहे?" असं विचारलं, हे बघितल्याशिवाय २७ पैसे स्वस्त की महाग ते सांगता येत नाही. त्यातले ४० जण खरोखर लेणी बघायला आले, तर सौदा चांगला. सगळे ३१ व्या सेकंदाला पळाले, तर नुसता आकडा हाती राहिला.

जाहिरातीने चॅनल 'मॉनेटाइज' होईल, हाही एक मोठा गैरसमज आहे. यूट्यूबच्या जाहिरात-कमाईत वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. शॉर्ट्स करणाऱ्यांसाठी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. पण पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतून आलेला वॉच टाइम या ४,००० तासांत धरला जात नाही. पैसे ओतून तास भरण्याचा रस्ताच बंद आहे. आपल्या पोराचे १,००० रुपये त्यासाठी असतील, तर ते वायाच गेले.

साडेसात कोटी व्ह्यूज आणि न झालेला विक्रम

जाहिरातीतून आलेला व्ह्यू आणि माणसाने स्वतः शोधून पाहिलेला व्ह्यू, दोन्ही एकाच काऊंटरमध्ये पडतात. यावरून २०१९ मध्ये मोठा वाद झाला होता, आणि तो आपल्या देशातल्या एका गाण्यावरून.

जुलै २०१९ मध्ये रॅपर बादशाहचं 'पागल' हे गाणं आलं. पहिल्या २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. त्याआधीचा विक्रम कोरियाच्या बीटीएस या ग्रुपच्या 'बॉय विथ लव' गाण्याचा होता, ७ कोटी ४६ लाखांचा. तो एप्रिल २०१९ मध्येच झाला होता. म्हणजे एका भारतीय गाण्याने जगाचा विक्रम मोडला, असं चित्र उभं राहिलं.

पण यूट्यूबने विक्रम जाहीर केलाच नाही. गाण्याचा प्रचार पैसे देऊन केलेल्या जाहिरातींतून झाला होता, हे पुढे आलं. त्यात नियमभंग नव्हता. जाहिरातीची ही सोय यूट्यूबच देतं आणि जगभरच्या म्युझिक कंपन्या ती वापरत होत्या. प्रश्न वेगळाच होता. पैसे मोजून समोर आणलेलं गाणं आणि लोकांनी स्वतः उघडून ऐकलेलं गाणं एकाच तराजूत तोलायचं का?

सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने उत्तर दिलं. म्युझिक चार्ट्समध्ये आणि २४ तासांच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज यापुढे धरले जाणार नाहीत. थेट लिंक, सर्च, इतर वेबसाइटवर लावलेला व्हिडिओ, होमपेज, पुढे सुचवलेले व्हिडिओ, अशा मार्गांनी आलेलेच व्ह्यूज मोजले जातील.

पण हा बदल चार्ट्स आणि विक्रमांपुरता होता. व्हिडिओखाली तुम्हाला-आम्हाला जो आकडा दिसतो त्यात जाहिरातीचे व्ह्यूज आजही आहेत. बघणाऱ्याला बाहेरून ते वेगळे काढता येत नाहीत. ते फक्त चॅनलच्या मालकाला दिसतात. ॲनालिटिक्समध्ये 'ट्रॅफिक सोर्स' उघडा, तिथे 'यूट्यूब ॲडव्हर्टायझिंग' अशी वेगळी ओळ असते. आपल्या पोराच्या व्हिडिओची खरी ताकद किती, हे ती ओळ वजा केल्यावर उरलेल्या आकड्यात आहे.

विकत घेतलेले व्ह्यूज म्हणजे प्रमोशन नव्हे

आता तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज. "५०० रुपयांत १० हजार."

जाहिरात देणं आणि व्ह्यूज विकत घेणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत तुम्ही जागा विकत घेता. व्हिडिओ खऱ्या माणसासमोर येतो, बघायचा की नाही हे तो ठरवतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही थेट आकडा विकत घेता. मागे माणूस असतोच असं नाही. कधी सॉफ्टवेअर व्हिडिओ चालवतं. कधी शेकडो मोबाइल ओळीने मांडून तेच काम केलं जातं. कधी "व्हिडिओ बघा, कॉइन मिळवा" म्हणणारी ॲप्स लोकांना कामाला लावतात. यूट्यूबच्या नियमांत याला 'फेक एंगेजमेंट' म्हणतात. असे व्ह्यूज काढून टाकले जातात आणि प्रकरण वाढलं तर व्हिडिओ किंवा चॅनलही जाऊ शकतं.

महाराष्ट्रात हा विषय पोलिसांपर्यंत गेला तो २०२० मध्ये. गायिका भूमी त्रिवेदीने आपल्या नावाने बनावट इन्स्टाग्राम प्रोफाइल चालवलं जात असल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे केली. जुलै २०२० मध्ये गुन्हे शाखेच्या पथकाने तपास सुरू केला, एकाला अटक झाली आणि बनावट फॉलोअर्स, लाइक्स, व्ह्यूज विकण्याचा आख्खा धंदाच समोर आला. ऑगस्टमध्ये पोलिसांनी बादशाहचीही चौकशी केली. बनावट व्ह्यूज विकत घेतल्याचा आरोप त्याने जाहीरपणे फेटाळला.

मुंबईतल्या या तपासामुळे एक गोष्ट सामान्य माणसालाही कळली. फॉलोअर्स आणि व्ह्यूज यांचाही घाऊक बाजार आहे आणि तिथे दर ठरलेले आहेत.

अमेरिकेत असाच धंदा करणाऱ्या डेव्हुमी या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१९ मध्ये प्रकरण २५ लाख डॉलरवर मिटलं. पुढे २०२४ मध्ये तिथे व्यवसायासाठी बनावट फॉलोअर्स, व्ह्यूज विकणं आणि जाणूनबुजून विकत घेणं, या दोन्हीला मनाई करणारा नियम आला.

कधी कधी मोजणाराच चुकतो

आकडा प्लॅटफॉर्मने दिला म्हणजे तो बरोबरच, असंही नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ बघतात, हा आकडा आपण जवळपास दोन वर्षं फुगवून दाखवत होतो. चूक साध्या भागाकाराची होती. उदाहरणाने बघू. दहा जणांसमोर व्हिडिओ चालला. चौघे एका सेकंदात पुढे गेले, सहा जणांनी २० सेकंद पाहिला. एकूण वेळ १२४ सेकंद. दहाने भागलं तर सरासरी १२.४ सेकंद. पण फेसबुक भागत होतं फक्त ३ सेकंदांपेक्षा जास्त पाहिलेल्या सहा व्ह्यूजने. मग सरासरी येते २०.७ सेकंद. व्हिडिओ तोच, माणसं तीच, आणि आकडा थेट ६७ टक्क्यांनी जास्त.

हा ६७ टक्के आमच्या उदाहरणातला. पण एका मोठ्या जाहिरात कंपनीला फेसबुकने स्वतः सांगितलेला फुगवटा ६० ते ८० टक्क्यांचा होता. जाहिरातदार कोर्टात गेले. २०१९ मध्ये फेसबुकने ४ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवायचं मान्य केलं, मात्र काही गैर केल्याचं मान्य केलं नाही. मधल्या काळात व्हिडिओला मागणी आहे असं समजून जगभरातल्या अनेक माध्यमांनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओ करणारी घेतली. एका चुकलेल्या भागाकाराची किंमत अशी मोजावी लागते.

मग कन्नडच्या दुकानदाराने काय बघायचं?

हा विषय आता फक्त गायक आणि मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावात कपड्याचं दुकान उघडलं, नवीन क्लास सुरू झाला, हुरडा पार्टी ठेवली की लोकल पेजवाल्याला रील करायला सांगतात. पेजवाला म्हणतो, "दादा, आपल्या रीलला ५० हजार व्ह्यूज पक्के." दुकानदार पैसे देतो. रीलला ५० हजार होतातही, पण दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. मग वाद होतो. दोघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नसतं, पण व्ह्यू म्हणजे काय हे आधी ठरलेलंच नसतं.

म्हणून पैसे देण्याआधी इतकं करा.

आकडा कुठला, ते लिहून घ्या. इंप्रेशन, रीच की व्ह्यूज? कितव्या दिवशी मोजायचे? व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. "पोस्ट केल्यापासून सात दिवसांनी रीच इतका" असं ठरलं की नंतर तोंड वाकडं होत नाही.

बूस्ट केलंय का, ते विचारा. रीलला पैसे देऊन पळवलं असेल तर त्यात वाईट काही नाही. पण ते पैसे कुणाचे, आणि पेजची स्वतःची पोहोच किती, हे वेगळं कळलं पाहिजे.

शहरांची यादी मागा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये बघणारे किंवा फॉलोअर्स कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. कन्नडच्या साडी सेंटरची रील ५० हजार जणांनी पाहिली, पण त्यातले बहुतेक दुसऱ्या राज्यात असतील तर उपयोग काय? चाळीसगाव, सिल्लोड, वैजापूर, खुलताबाद, संभाजीनगर इथले ३ हजार मिळाले तरी जास्त चांगले.

स्वतः जाहिरात देत असाल तर 'कन्नड' नीट निवडा. आपल्या तालुक्याचं नाव आणि कर्नाटकातल्या भाषेचं नाव सारखंच. ठिकाणाच्या रकान्यात नाव टाकलं की शेजारी महाराष्ट्र लिहिलंय का ते बघा, आणि भाषेच्या रकान्यात मराठी. शिवाय गूगल ॲड्समध्ये ठिकाण निवडल्यावर, त्या भागात असलेले लोक आणि त्या भागात 'रस' दाखवणारे लोक, असे दोन्ही आधीपासून धरलेले असतात. दुकानासाठी फक्त त्या भागात असलेल्यांचा पर्याय घ्या. पर्यटनाचा व्हिडिओ असेल तर उलट. पितळखोरा, गौताळा बघायला पुण्या-मुंबईहून लोक यावेत असं वाटत असेल, तर तिथेच दाखवा.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. स्क्रीनशॉट एडिट करायला दोन मिनिटं लागतात. समोर बसून पेजवाल्याच्या मोबाइलवर इनसाइट्स उघडून बघा. मन दुखावत नाही, आणि दुखावलं तर का दुखावलं ते विचारा.

किती वेळ पाहिलं, ते बघा. यूट्यूबवर 'ऑडियन्स रिटेन्शन' नावाचा आलेख असतो. कितव्या सेकंदाला किती लोक टिकले, ते त्यात दिसतं. लाखभर व्ह्यूज आहेत पण सरासरी चार सेकंदांची, कॉमेंट दोनच आणि त्याही नुसत्या इमोजी, तर समजून जा.

पासवर्ड कुणालाही देऊ नका. व्ह्यूज वाढवून देतो म्हणत कुणी लॉगिन, ओटीपी किंवा 'आधी ॲडव्हान्स' मागत असेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आणि त्या पोराचं काय?

चार दिवसांनी त्याने पुन्हा आकडे काढले. व्हिडिओखालचा आणि ॲनालिटिक्सचा आकडा जवळपास जुळला. पैसे कुणी खाल्ले नव्हते. जाहिरातीची ओळ वजा केली तेव्हा उरले दीड हजारांच्या आसपास व्ह्यूज. हिरमोड झाला. पण त्या दीड हजारांचा सरासरी वेळ बघितला तर पावणेतीन मिनिटं, म्हणजे सहा मिनिटांच्या व्हिडिओचा जवळपास निम्मा भाग. जाहिरातीतून आलेले लोक त्याच्या निम्मा वेळही थांबले नव्हते.

मग ते ५०० रुपयांत १० हजारवालं काय करायचं? घेतले असते तर व्हिडिओखाली पाच आकडी संख्या दिसली असती. गावातल्या मित्रांनी अंगठा दाखवला असता. पण आपला व्हिडिओ लोकांना कुठे आवडला, कुठे कंटाळा आला, हे त्याला कधीच कळलं नसतं. कारण रिटेन्शनच्या आलेखात माणसांच्या जागी मशीनच्या रेघा आल्या असत्या. पुढचा व्हिडिओ कसा करायचा याचा त्याच्याकडे असलेला एकमेव पुरावा त्याने स्वतःच्या पैशाने खराब केला असता.

त्याने तो नंबर ब्लॉक केला. कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारलं होतं, "पावसात पायऱ्या निसरड्या असतात का? आईला घेऊन यायचंय." आधी त्याला उत्तर दिलं.